एक ब्रेक, दोन पाय

सायकल घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात सायकलची माहिती असलेलं माणूस जवळजवळ नव्हतंच. आबा, म्हणजे माझे वडील, होड्या बांधत. होडीला चाक नसतं आणि ब्रेकही नसतो, तरी या दोन्ही गोष्टींवर आबांची मतं पक्की होती. आते, म्हणजे आबांची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन आमच्याकडे आली ती कायमची. आई गेल्यावर घर तिनंच चालवलं. खाडी ओलांडायच्या होडीखेरीज ती आयुष्यात कशात बसली नव्हती, पण तिचं मत आबांच्याहून पक्कं होतं. थोरला भाऊ वसंता मुंबईला गोदीच्या कारखान्यात होता आणि त्या उन्हाळ्यात हाताला लागल्यामुळे रजेवर घरी आला होता. त्यानं मुंबईत रोज शंभर सायकली बघितलेल्या, बसला एकीवरही नव्हता, म्हणून त्याचं मत सगळ्यात मोठ्या आवाजात. मत नसलेली मी एकटीच. सायकल मला हवी होती, म्हणून मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग मला पटेल ते केलं. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. बढाईचा भाग पुढे आहे.

आमचं घर भाट्याच्या खाडीच्या रत्नागिरीकडच्या काठाला होतं. घर कसलं, होड्यांच्या कामाला चिकटून बांधलेली चार खणांची जागा. खळ्यात धान्यापेक्षा लाकूडच जास्त वाळायला पडलेलं असे. सकाळी जाग यायची ती वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, घावांनी, आणि डोळे न उघडताच कळायचं की आज फळी ऐनाची आहे की फणसाची. ऐनाचा आवाज कोरडा, फणसाचा जरा बसका. मग चुलीवर उकड्या तांदळाच्या पेजेचा वास, त्यात डांबराचा वास, त्यात खाडीच्या चिखलाचा. पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा किंवा आंबोशीचं लोणचं. आते पडवीत बसून लोकांची जाळी सांधायची. तिच्या पायाच्या अंगठ्याला कायम दोरा गुंडाळलेला असे, आणि त्या दोऱ्याला ताण देत ती सगळ्या गावाचा समाचार घेई. आता कोणी मला विचारतं, आईविना वाढताना जड गेलं का? जड जायला आते सवड देत नसे.

सायकलची गोष्ट निघाली ती नोकरीवरून. मी मराठी सातवीची फायनल पास झाले आणि शाळा बोर्डाच्या कचेरीतून निरोप आला की सड्यावरच्या एका गावात मुलींचा वर्ग उघडायचा आहे, बाई पाहिजे. गाव आमच्यापासून पायी गेलं तर सकाळ संपवणारं. मधे आमच्या घरामागची घाटी, मग उघडा सडा, जांभ्याच्या कातळावर सावलीला एक झाड नाही. तिथं राहायची सोय नव्हती आणि असती तरी आते मला परक्या गावात राहू देणार नव्हती. त्यात हर्ण्याहून एक स्थळ आलं होतं. दोन मचव्यांचे मालक, मुलगा धडधाकट. आते त्या स्थळाबद्दल बोलायची तेव्हा अंगठ्याचा दोरा सैल व्हायचा.

"शाळेत वेळेवर पोचलीस तर नोकरी, नायतर हर्णे," ती म्हणाली. "मधलं काय नाय."

मला मुलात काही खोट दिसत नव्हती. मी त्याला पाहिलंही नव्हतं. पण मला आधी स्वतःच्या नावानं कुठंतरी हजर व्हायचं होतं, आणि ते सायकलीशिवाय होणार नव्हतं. तेव्हा सायकल ही माझी हौस होती असं जे नातेवाईक अजून सांगतात, ते खोटं आहे. हौस मला कापडाची होती.

सांगाडा आयता मिळाला. बंदरावरच्या एका गोऱ्या साहेबाची मड्डम विलायतेला परत निघाली, तिच्या सामानाच्या पेट्या आबांनी केल्या. तिची जुनी सायकल वखारीत पडली होती, चाकं गंजून चाळणी झालेली, ब्रेकचा पत्ताच नाही. पण सांगाडा ठणठणीत होता, आणि बायकांचा, म्हणजे मधली आडवी नळी नसलेला. मड्डमनं तो आबांना देऊन टाकला. तिला मी पूर्वी बंदराचा उतार उतरताना बघितलं होतं आणि एक गोष्ट डोक्यात राहिली होती. इतर लोक उतारावर पाय स्वस्थ ठेवून सुसाट येत. हिचे पाय मात्र उतारावरही फिरत असायचे, सावकाश, कोणी जातं दळावं तसे, आणि सायकल तिच्या पायांच्या ऐकण्यात असायची.

सांगाडा घरी आल्याबरोबर आबांनी तो खळ्यात उलटा टाकला आणि चाकाच्या जागी हात फिरवून बघितला.

"लोखंडाचं चाक कशाला?" ते म्हणाले. "खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढणार नाय. मी शिवणीच्या लाकडाचं वाकवून देतो. वाफेवर धरलं की हवं तसं वळतं."

"आबा, लोक हसतील," वसंता म्हणाला.

"बैलगाडीला कोण हसतो?"

"बैलगाडीला बैल असतात! आबा, मुंबईत आता कसं आहे सांगू? निकेलची चकचकीत रीम, मागे फ्रीव्हील, दोन ब्रेक, एक पुढं, एक मागं. पायडल थांबवलं तरी गाडी आपली चाल्लीय. राजासारखं बसायचं."

"म्हंजे ती बसणार नि गाडी चालणार?" आते पडवीतून ओरडली. "मग शिकवायला पण गाडीच जाऊ दे."

बाजारपेठेत सायकलीचं एकच दुकान होतं, कादिरभाईंचं. भाड्यानं सायकली देत आणि मुंबईहून आगबोटीनं सुटे भाग मागवत. आबा, वसंता आणि मी असे तिघे गेलो. कादिरभाईंनी पहिल्यांदा वसंताशी बोलायला सुरुवात केली, मग आबांशी. तिसऱ्या प्रश्नाला दोघांपैकी एकालाही उत्तर येईना तेव्हा त्यांनी विचारलं, "गाडीवर बसणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

"मग बाय, तूच बोल. हे दोघं उगाच घाम गाळतायत."

मी पुढं झाले. चाक कुठल्या मापाचं, इथून सुरुवात. मोठं चाक खड्ड्यांतून बरं जातं, पण माझी उंची बेताची, मोठ्या चाकावर माझा पाय जमिनीला पोचला नसता. म्हणून लहान माप घेतलं आणि टायर जाड. रीमच्या बाबतीत वसंताचा जीव निकेलच्या चकाकीत अडकला होता. मी कादिरभाईंना विचारलं, निकेल गेलं की खाली काय? म्हणाले, लोखंड. आणि काळा रंग दिलेल्या रीमखाली? तेही लोखंड. मग काळ्याच द्या, म्हटलं, रंग गेला तर घरचा देता येईल, आमच्याकडे डांबराला तोटा नाही. वसंतानं कपाळाला हात लावला. आबांना मात्र हे उत्तर पटलं, कारण चांगल्या लाकडालाही ते रंगाआड ठेवत.

खरी लढाई मागच्या चाकाची. कादिरभाईंनी फ्रीव्हील काढून हातावर फिरवून दाखवलं. टकटकटक असा गोड आवाज यायचा. मी विचारलं, आत काय आहे? बारीक खिट्या आणि त्याहून बारीक स्प्रिंगा. त्यात सड्याची तांबडी धूळ गेली तर? ते म्हणाले, धुवायचं. पावसात? तेल घालायचं. मी विचारलं, याच्याशिवाय येतं का? तेव्हा त्यांनी फळीच्या मागून एक साधं दातेरी चक्र काढलं. आत काहीच नाही. चाक फिरलं की साखळी फिरणार, साखळी फिरली की पायडल फिरणार, उलटही तसंच.

"फिक्स," कादिरभाई म्हणाले. "पण हल्ली घेत नाय कोणी. पाय थांबले तरी गाडी पळते, ही मज्जा सोडून कोण पाय हलवत बसेल?"

"मला पाय थांबले की गाडी थांबलेली हवी."

वसंता म्हणाला, "अगो, उतारावर पाय तुटतील तुझे!" मी म्हटलं, मड्डमचे तुटलेले मला दिसले नाहीत. मग मी चक्र हातात घेऊन बघितलं. ते चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या गाभ्यावर, आट्यांनी बसतं, म्हणजे पुढं रेटा दिला की आवळतं. मग मागं रेटा दिला की सुटायला नको का? हे मी कादिरभाईंना विचारलं. होडीच्या प्रत्येक खिळ्याबद्दल आबा आम्हाला हाच प्रश्न विचारायचे, ज्या बाजूनं ओढ बसेल त्या बाजूनं सुटेल का, त्यामुळे माझ्या डोक्यात तो आपोआप आला. कादिरभाई आत जाऊन एका डब्यातून लोखंडी कडं घेऊन आले. त्याचे आटे उलटे. चक्राच्या वर ते आवळलं की मागं कितीही रेटा, चक्र हलत नाही. "हे कोणी मागत नाय, म्हणून मी काढत नाय," ते म्हणाले. मी मागितलं. मागचं चक्र त्यातल्या त्यात मोठं घेतलं, म्हणजे चढावर पाय हलके पडतात आणि उतारावर आवरायला जोर मिळतो.

राहिला ब्रेक. वसंता दोनावर अडला होता. मी एकच घेतला, पुढचा, लोखंडी सळयांचा. तारेचा ब्रेक सुबक दिसतो, पण तार नळीत गंजून अडकली तर बाहेरून कळत नाही. सळई डोळ्यांसमोर असते. मागं ब्रेक नको, मागं माझे पाय आहेत. आता रीमवर घासणारे ठोकळे: रबराचे की चामड्याचे? ओल्या लोखंडावर रबर घसरतं, चामडं बरं धरतं, असं कादिरभाईंनीच सांगितलं. आमच्याकडे वर्षातले चार महिने सगळं ओलंच. मी चामड्याचे घेतले. या सगळ्यात माझी एक चूक झाली असेल तर ती ही, आणि तीही चूक म्हणायला मी तयार नाही. चामड्याला पाण्याची पारख होती. घरातल्या माणसांची नव्हती.

सायकल आबांच्या कामाच्या जागी जोडली. साखळीवर लुगडं जाऊ नये म्हणून आबांनी फणसाच्या पातळ फळीचं आवरण केलं, होडीच्या कुशीसारखं गोल, हात फिरवला तर कुठं सांधा लागू नये असं. मागच्या चाकात काष्टा अडकू नये म्हणून मड्डमच्या गाडीला दोऱ्यांची जाळी होती, ती कुजून गेलेली. ती ओवायची मडगार्डातली भोकं तेवढी शिल्लक होती. आतेनं दोन दिवस त्या भोकांकडे न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी पेज वाढता वाढता म्हणाली, "कोणाला तरी जाळं विणता येतं या घरात, पण विचारायचं कशाला." मी विचारलं. तिनं मासे धरायच्या गाठींनी दोन्ही बाजूंना अशी जाळी विणली की गाडी मोडीत निघाली तेव्हाही ती शाबूत होती. हर्ण्याचं स्थळ तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. पण भोकं उघडी बघवत नव्हती.

शिकले भाट्याच्या पुळणीवर. ओहोटीला तिथली वाळू फरशीसारखी घट्ट होते. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, सायकल होडीत आडवी घालून पलीकडे न्यायची. आता तिथून एसटी जाते आणि माझे विद्यार्थी खिडकीतून मला हात करतात. तेव्हा मात्र पुळणीवर हात करायला कोळणी असायच्या, पाट्या डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या.

"गो बायो, तुज्या घोड्याला पेंढा घालतंस की सुकट?"

"लगाम कुटं हाय गो त्याचा?"

"तिला विचारू नको, ती बोलली की पडते!"

हे खरं होतं. बोललं की पडायचे. फिक्स गाडीचा पहिला धडा असा की विसरून पाय थांबवला तर पायडल खालून असा तडाखा देतं की माणूस पुढं फेकलं जातं. माझ्या पोटऱ्या आठ दिवस काळ्यानिळ्या होत्या. आते रात्री त्यांना हळद लावायची आणि लावताना मुद्दाम दाबायची. पण एकदा पाय आणि चाक यांचं जमलं की मग ती गाडी राहत नाही, आपल्या चालण्यातच ती येते. मागं उचलल्या जाणाऱ्या पायडलवर भार टाकला की गाडी रेंगाळते, आणखी टाकला की थांबते. हे मला कोणी सांगितलं नाही. पुळणीवर कळलं. ब्रेक तिथं लागतच नव्हता. घाटीच्या पायथ्याशी दोनचार वेळा लावून बघितला, छान धरत होता.

बोर्डाच्या कचेरीला होकार-नकार कळवायची वेळ आली तेव्हा आबांनी आपल्या धंद्याचा नियम काढला. आमच्याकडे नवी होडी मालकाच्या हवाली करण्याआधी ज्यानं ती बांधली त्यानं स्वतः तिच्यात बसून खाडीच्या तोंडातून बाहेर समुद्रात जायचं आणि परत यायचं. आबा प्रत्येक होडीत बसले होते. "गाडी तू जोडलीस," ते म्हणाले. "भाग तू निवडलेस. उद्या सकाळी घाटीच्या माथ्यावरून उतरव. पाय जमिनीला न टेकता माझ्यापाशी आलीस, तर मी स्वतः कचेरीत जाऊन सांगतो. टेकलास, तर आतेचं ऐकायचं. आणि मग रुसायचं नाय."

मी कबूल केलं. घाटी म्हणजे बैलगाड्यांसाठी जांभ्यात खोदलेली वाट. एका अंगाला कातळाची भिंत, दुसऱ्या अंगाला दगडांचा बुटका गडगा, गडग्याखाली काजूची झाडं. पायथ्याशी वाट डावीकडे वळून आबांच्या कामाच्या जागेत शिरायची. वळला नाहीत तर सरळ खाडी.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या मुलींना घेऊन कैऱ्या उतरवत होते, आणि घरी आबा सायकलीपाशी बसले होते, हे मला नंतर कळलं. वैशाख संपत आला होता. त्या दिवसांत आबा घरातल्या सगळ्या लोखंडाला उंडीचं तेल लावत. कोयते, विळी, नांगराच्या साखळ्या, कड्या, बिजागऱ्या, काहीही सुटायचं नाही. पुळणीवरच्या खाऱ्या वाळूनं रीमच्या कडांना तांबूस ठिपके आले होते, ते त्यांनी बघितले. पोरीची गाडी उद्या सगळ्या गावासमोर उतरणार, आणि अंगावर गंज! त्यांनी चिंधी घेऊन सायकल नखशिखांत तेलानं माखली. आऱ्या माखल्या. रीम आतून-बाहेरून माखल्या. ब्रेकचे ठोकळे कोरडे, फुटायला आल्यासारखे वाटले म्हणून त्यांना दोनदा माखलं.

सकाळी मी गाडी ढकलत माथ्यावर नेली तेव्हा ती चकाकत होती. मला वाटलं, आबांनी पुसली. बरं वाटलं. खाली आबा उभे, त्यांच्याकडचे सुतार वाकस हातात धरून उभे. मधल्या वळणावर वसंता, जखमी हात गळ्यात बांधून. आते म्हणाली होती की मी बघायला येणार नाही, आणि ती सगळ्यात पुढं, गडग्यावर बसली होती.

नऊवारीचा काष्टा घट्ट केला, बसले, निघाले. पहिल्या दहा हातांवर पाय सावकाश फिरत होते. उतार वाढला तसा मी ब्रेक दाबला. सळई हलली, ठोकळे रीमला टेकले, आणि काही झालं नाही. सुळसुळ असा आवाज आला, ओल्या दगडावरून मासा सुटावा तसा. पुन्हा दाबला, सगळ्या बोटांनी. सुळसुळ. तेवढ्यात उंडीच्या तेलाचा कडवट वास नाकात गेला आणि मला सगळं कळलं. चामड्यानं रात्रभर तेल पिऊन घेतलं होतं. रबर असतं तर थोडं तरी धरलं असतं.

भीती वाटली का, असं मुली मला वर्गात विचारत. वाटली, पण तिच्यासाठी वेळ कमी होता. पायडलं माझ्या पायांना फेकायला लागली होती. तेव्हा एकच मोह होतो, पाय उचलून बाजूला करायचे. तसं केलं असतं तर पुढचं मी लिहिलं नसतं. मी ब्रेकवरचा हात काढला, हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा भार मागून वर येणाऱ्या पायावर टाकायला सुरुवात केली. डावा, उजवा, डावा. प्रत्येक वेळी चाक कुरकुरायचं आणि कणभर ऐकायचं. वाट गाडीवाटेइतकी रुंद होती, म्हणून मी सरळ न येता भिंतीपासून गडग्याकडे, गडग्यापासून भिंतीकडे अशी तिरकी तिरकी उतरू लागले, होडी वाऱ्याविरुद्ध नेतात तशी. वसंता ओरडला, "ब्रेक लाव! ब्रेक लाव गो!" मी उत्तर दिलं नाही. बोललं की पडायचे. आतेच्या समोरून गेले तेव्हा ती गडग्यावर उभी राहिली होती, एवढंच दिसलं. मांड्यांना आग लागली होती. मागच्या चक्रावरचं ते उलट्या आट्यांचं कडं एकदा किंचित करकरलं आणि धरून राहिलं.

शेवटच्या वळणाला खाडी समोर आली, भरतीची, तुडुंब. मी डावीकडे झुकले. सुतार बाजूला पांगले. सपाटीवर आल्यावर अर्धवट बांधलेल्या दोन पडावांच्या, म्हणजे मोठ्या होड्यांच्या, मधून पाय रेटत रेटत गेले, आबांच्या पुढ्यात गाडी थांबली, आणि ती कलंडायच्या आत मी पडावाच्या फळीला हात टेकला. पाय पायडलवरच होते.

मग आते घाटीवरून धावत आली. तिला धावताना मी त्यापूर्वी आणि त्यानंतर बघितलं नाही.

"उतर," ती म्हणाली. "उतर आधी. बस् झालं. हर्ण्याला कळवा. असल्या यंत्रावर माझी पोर नाय जाणार."

"ब्रेक का नाय लावलास?" वसंता धापा टाकत विचारत होता. "मी सांगत होतो, दोन पायजेत!"

"लावला," मी म्हटलं. "लागला नाही."

आबा खाली बसले. त्यांनी पुढच्या ठोकळ्याला बोट लावलं, बोट अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. चाळीस वर्षं ते तेल त्यांच्या हातात होतं, त्यांना वास घ्यायची गरज नव्हती. ते उठले आणि सुतारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तेल मी लावलं. ब्रेक मी घालवला. पोरीनं गाडी आणली."

आतेनं विचारलं, "म्हंजे ती ब्रेक नसताना आली?"

"व्हय."

"ही सगळी घाटी?"

"आक्का, तू बघत होतीस ना?" आबा म्हणाले.

"मग ब्रेक घेतलान कशाला?" आते म्हणाली, आणि सुतारांना हसायचं की नाही ते कळेना.

वसंता एवढ्यावर थांबणारा नव्हता. "आता तरी फ्रीव्हील घाला मागं," तो म्हणाला. मी पडावाला हात टेकूनच होते आणि मला राग आला. मी म्हटलं, "दादा, फ्रीव्हील असतं तर मी आत्ता खाडीत असते, आणि तू एका हातानं पोहत माझ्यामागं आला असतास." आबांनी मान डोलावली. त्यांनी वसंताला विचारलं, "अजून काय म्हणणं हाय तुझं?" आबांनी खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसले, अंगात सदरा घातला आणि तसेच कचेरीत गेले. आते पडवीत जाऊन बसली आणि तिनं दोरा अंगठ्याला गुंडाळला. दुपारी मला भाताबरोबर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण मिळालं, वसंताला कुळथाचं पिठलं. कारण तिनं सांगितलं नाही.

रीम मी राखेनं आणि लिंबानं घासून काढल्या, दोनदा. ठोकळे बदलले: पुढच्या ब्रेकला एका अंगाला चामडं, दुसऱ्या अंगाला रबर. तशी जोडी कोणी लावत नाही, कादिरभाई हसले, पण पुढची कितीतरी वर्षं मी तशीच लावली आणि मला त्यात खोट सापडली नाही. मुलींना मी शिकवताना हेच सांगत आले, निवड आपली असली की ती दुरुस्तही आपल्यालाच करता येते. हल्लीच्या मुली फ्रीव्हीलवरून वाऱ्यासारख्या जातात, पाय सुखात. जाऊ देत. मला हेवा वाटत नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी घाटी गाडी ढकलत चढले, माथ्यावर बसले, आणि मग सड्यावरून सरळ. सकाळचं ऊन कातळावर पसरायचं होतं. टिटव्या ओरडत होत्या. साखळीचा एकसारखा आवाज, खाली खडी, आणि पुढं मला अडवणारं कोणी नाही. गावात शिरले तेव्हा चुलींचा धूर नुकता वर येत होता. शाळा म्हणजे एका शेतकऱ्याचा मांगर, अवजारं ठेवायची खोपी, दाराला कुलूप. मी गाडी भिंतीला लावली, पायरीवर बसले आणि चिंधीनं रीमवरची तांबडी धूळ पुसत राहिले. एकेक करून मुली जमल्या, कुंपणापलीकडे उभ्या राहिल्या, जवळ यायला तयार नाहीत. त्यांच्या आया त्यांच्यामागं.

बऱ्याच वेळानं मांगराचा मालक आला, डोक्याला मुंडासं, कमरेला किल्ली, पांढऱ्या मिशांचा, माझ्या आबांपेक्षा मोठा. त्यानं आधी सायकलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सूर्याकडे.

"मला उशीर झाला, बाई," तो म्हणाला.

तोवर मला कोणी बाई म्हटलं नव्हतं. मी उठले, लुगडं झटकलं आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

"उद्यापासून होता कामा नये," मी म्हटलं.